पालच्या दोन खोल्यांचा परवाना

बेबाबाई चौधरी धंद्याच्या शोधात कधी गेल्या नाहीत. धंदाच त्यांच्या ओट्यावर येऊन बसला.

त्यांचे यजमान जीवरामभाऊ रावेरकडचे केळीवाले शेतकरी. सत्त्याऐंशी सालच्या सुमारास त्यांना दम्यानं धरलं. डॉक्टर म्हणाले, काही दिवस डोंगरावरच्या हवेत काढा. भाऊंनी सातपुड्यातल्या पाल गावात दोन खोल्या बांधल्या. पुढे ओटा, मागे न्हाणी, वर कौलं. वर्षभरात भाऊ ठणठणीत झाले आणि खाली केळीत परतले. बेबाबाईंना मात्र ती जागा सोडवेना. महिन्यातले निम्मे दिवस त्या वरच राहू लागल्या.

एका मे महिन्यात भुसावळचं रेल्वेतलं एक कुटुंब पाल बघायला आलं. वनखात्याचं विश्रामगृह भरलेलं, पोरं उन्हानं लालबुंद. ती सगळी बेबाबाईंच्या ओट्यावर टेकली. बाईंनी आधी पाणी दिलं, मग जेवण, मग मागची खोली. जाताना त्या लोकांनी बळंच पैसे ठेवले आणि घरी गेल्यावर अख्ख्या कॉलनीत पत्ता वाटला. पुढच्या आठवड्यात दुसरं कुटुंब, त्याच्या मागे तिसरं. आणि तिसऱ्याच्या मागे हवालदार.

"बाई, लॉज चालवता का तुम्ही?"

"लॉज कायले चालवू? मी घर चालवते!"

हवालदार भला माणूस. ओट्यावर बसून, ताक पिऊन त्यानं समजावलं, की पैसे घेऊन माणसं ठेवायची तर परवाना लागतो. तोवर कुणाला ठेवू नका. बेबाबाईंना नियम एकदा कळला की त्या तो सरकारपेक्षाही कडक पाळायच्या. दुसऱ्या दिवशी एक कुटुंब सामानसुमान घेऊन आलं, तर त्यांना पोटभर पिठलं-भाकरी खाऊ घालून त्यांनी एसटीत बसवून परत पाठवलं.

तालुक्याच्या कचेरीत कारकुनानं विचारलं, "लॉजचं नाव काय लिहू?"

"लॉज लिहू नका," बेबाबाई म्हणाल्या. लॉज म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे स्टेशनाजवळचे अंधारे जिने यायचे. बरीच घासाघीस होऊन शेवटी 'बेबाबाई निवास' ठरलं. मग कारकून म्हणाला, आता पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणा.

इथं बाई भडकल्या. "तीन सुना आल्या माह्या घरात, आन् आता मले चारित्र्याचा दाखला?"

पण नियम तो नियम. चौकशीला तोच हवालदार आला. त्यानं जीवरामभाऊंना बाजूला घेऊन विचारलं, "बाईंची वागणूक कशी आहे?" भाऊ इतका वेळ विचार करत राहिले, की आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

"चांगली हाये," भाऊ घाईनं म्हणाले. "भाजीत मिरची जास्ती पडते, पन ते लिहू नका."

दाखला मिळाला. राहिली जागेची तपासणी. त्यासाठी लीलाधर फिरके नावाचे अधिकारी सकाळीच निघाले होते, पण घाटात जीप बंद पडली. ढकलत, थांबत ते पालला पोचले तेव्हा दिवस मावळत होता. शेवटची एसटी निघून गेलेली. विश्रामगृहाला कुलूप, खानसामा लग्नाला गेलेला. साहेबांनी उजेड आहे तोवर खोल्या पाहिल्या, खिडक्या उघडून पाहिल्या, आणि मग संकोचत म्हणाले, "बाई, आजची रात्र इथंच काढावी म्हणतो. जे काय होईल ते देतो."

"नाई जमत, साहेब."

"का?"

"परवाना नाई."

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. "तुमचाच नियम हाये. पैसे घेऊन कोनाले ठेवता येत नाई."

"मग पैसे न घेता ठेवा."

"फुकट कोन राहते? पाहुना. तुमी माहे पाहुने हाये का?"

साहेब ओट्याच्या कडेला बसले. बाहेर गारवा पडू लागला होता. बाईंनाही वाईट वाटत असावं, कारण त्यांनी आतून घोंगडी आणून दिली आणि समोर बसून विचारायला सुरुवात केली. गाव कोणतं? आईचं माहेर कुठलं? कुठंच काही जुळेना. तपासणीसाठी वर आलेले जीवरामभाऊ दारातून म्हणाले, "सासुरवाडी इचार."

"सावदा," साहेब थकून म्हणाले.

"सावद्याची कोनाची पोरगी?"

"शेवंताबाईंची. इंदिरा."

बेबाबाई ताडकन उठल्या. "शेवंता माही मावसबहीन! काबरं बोलले नाई तुमी? जावई हाये तुमी आमचे! आन् मी तुमाले ओट्यावर बसवलं!"

त्यानंतर साहेबांचं काही चाललं नाही. पाय धुवायला गरम पाणी आलं. वरण-बट्टी झाली, वांग्याची घोटलेली भाजी झाली, बट्टीवर तूप थांबा म्हणेपर्यंत पडलं, आणि थांबा म्हटल्यावरही पडलं. सकाळी जीवरामभाऊंनी गावातल्या दुकानातून टॉवेल-टोपी आणून नारळासकट हातात ठेवली. साहेबांनी टोपी घातली, मावससासूच्या पाया पडले, आणि मग त्यांचा चेहरा पडला.

"मावशी, आता मला तपासणीवर सही करता येणार नाही."

"काबरं?"

"नातेवाइकाच्या जागेची तपासणी नातेवाइकानं केलेली चालत नाही."

बेबाबाईंनी रात्रीच्या घोंगडीची घडी घातली. मग म्हणाल्या, "बरोबर हाये. दुसरा मानूस पाठवा."

महिन्याभरानं बन्सीलाल नावाचे दुसरे अधिकारी आले. जीवरामभाऊंनी बायकोला आधीच बजावून ठेवलं होतं, काही झालं तरी गाव विचारायचं नाही. बन्सीलाल खोल्या मोजत होते आणि बेबाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. एकदा त्यांच्या तोंडून "तुमच्या मामाचं..." एवढं निघालंच. भाऊ इतक्या जोरात खोकले, की बन्सीलालांनी विचारलं, "दम्याचा त्रास दिसतो?"

"होता," भाऊ म्हणाले. "आता पालच्या हवेनं गेला."

ते वाक्य साहेबांनी शेऱ्यात लिहून घेतलं म्हणतात. परवाना दिवाळीआधी हातात पडला.

पुढची सात-आठ वर्षं 'बेबाबाई निवास' चाललं. भुसावळचे लोक यायचे, जळगावचे यायचे, एकदा धुळ्याचं नवं जोडपं आलं आणि बाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी भांडताना ऐकून दोघांना वांगी चिरायला बसवलं. नूतनीकरणाला त्या दरवर्षी स्वतः जायच्या, चांगलं लुगडं नेसून. कचेरीत सगळ्यांची खुशाली विचारायच्या आणि परतताना उसाचा रस प्यायच्या.

गुडघे दुखायला लागले, घाट झेपेना, तेव्हा त्या परवाना परत करायला गेल्या. नवा कारकून म्हणाला, "आजी, परत कशाला देता? नूतनीकरण करू नका, आपोआप संपेल."

"आपोआप कसा संपन?" बेबाबाई म्हणाल्या. "आपोआप भेटला होता का?" आणि त्याच्यासमोरची खुर्ची ओढून त्या बसल्या. त्या कचेरीत परवाना परत घेतल्याची पोच कशी लिहायची, ते कुणालाच माहीत नव्हतं. दुपारपर्यंत सगळ्यांनी मिळून ती लिहिली.