वार सांगणारं यंत्र

कॉलेजच्या गणित मंडळाची मी चिटणीस होते. मंडळात आम्ही दोघीच मुली आणि दुसरीचं अक्षर वाईट, एवढंच त्याचं कारण. गाव चांदा, कॉलेज नवं, इमारत अर्धी बांधून झालेली. वर्षाचे कार्यक्रम ठरवायची बैठक दुपारी एका रिकाम्या वर्गात भरली. अध्यक्ष होता गावातल्या एका मुसलमान कापडवाल्याचा मुलगा. डोक्यानं तल्लख, तोंडानं फटकळ.

“व्याख्यान ठेवू,” कुणीतरी म्हणालं.

“ठेव. ऐकायले तुया घरचे बैल घेऊन येजो.”

“मंग सहल?”

“सहलीत गणित कुठी हाये?”

“डबे मोजू ना.”

सरांनी सगळ्यांना गप्प केलं. परदेशात आता वायरींची यंत्रं निघालीत, एका यंत्राला अख्खी खोली लागते आणि ती आपोआप आकडेमोड करतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. असं यंत्र आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. सरांनीही नाही.

“मंग आपणच यंत्र होऊ, सर,” अध्यक्ष म्हणाला. “वायरी नाई तं पोरं हायेत.”

ते ठरलं. गॅदरिंगला प्रेक्षकांपैकी कुणीही एखादी तारीख सांगायची आणि आमच्या यंत्रानं तिचा वार सांगायचा. बाकांची एक रांग. पहिल्यानं सालाचे शेवटचे दोन आकडे चिठ्ठीवर लिहून पुढे द्यायचे, दुसऱ्यानं त्यात त्यांची चौथाई मिळवायची, तिसऱ्यानं महिन्याचा ठरलेला अंक, चौथ्यानं तारीख, पाचव्यानं सातानं भागून बाकी काढायची आणि शेवटच्या बाकावर त्या दुसऱ्या मुलीनं वार पुकारायचा. नियम मी केले. प्रत्येकानं आपलं काम करावं, दुसऱ्याचं बघू नये. तारीख कुणाची, कशाची, ते विचारू नये. प्रत्येक गणित जागा बदलून पुन्हा करावं, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या हातून निसटणार नाही. गॅदरिंगमध्ये हसं व्हायला नको होतं.

तालमीच्या वेळी कॉलेजच्या मागच्या खोलीत चहा करणारी बाई कप घेऊन आली. मूल गावाकडची, शेतकरी घरातली. कपाळावर भलं मोठं कुंकू आणि नवऱ्याच्या नावानं सतत शिव्या. तो तिला टाकून गेला, नदीपलीकडे तेलंगणात दुसरी बायको करून राहिला, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं, कारण ती स्वतःच सांगायची.

ती रांगेमागे उभी राहून बघत होती. मग मला म्हणाली, “पोरी, जुनी तारीख बी सांगते काय हे?”

“या शतकातली कितीही जुनी सांगा.”

तिनं एक इंग्रजी तारीख, महिना, साल एका दमात म्हटलं. अक्षरओळख नसलेल्या बाईला एवढं पाठ कसं, असं मनात आलं. पण नियम माझाच होता. चिठ्ठ्या सरकल्या. शेवटच्या बाकावरून आवाज आला, “बुधवार.”

“नाई. शनवार पाहिजे.”

अध्यक्ष हसला. “बाई, यंत्रासंगं भाव करता येत नाई.”

“मंग बिघडलं तुमचं यंत्र. पुन्हा करा.”

जागा बदलल्या. बुधवार. बाईनं हातातली कपांची थाळी बाकावर ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसली.

तिचा नवरा आलापल्लीपुढच्या जंगलात एका ठेकेदाराकडे लाकूडतोडीला होता. तो परत आला नाही, तेव्हा ठेकेदाराच्या लाकूड डेपोवर हिशेब लिहिणाऱ्या मुनशीनं पोलीस पाटलापुढे सांगितलं होतं, ‘अमक्या तारखेला बाजाराला म्हणून गेला, तिथूनच पळाला.’ ती तारीख तिनं पाठ करून ठेवली होती. डेपोच्या गावचा बाजार शनिवारचा.

“मुनशीच तारीख चुकला असन,” अध्यक्ष हळूच म्हणाला.

“मुनशी तारीख नाई चुकत, भाऊ. पोट हाये त्याचं तारखेवर. वार त्याले कायले पाहिजे?”

तिचं बरोबर होतं. आमच्याकडे कचेरी आणि डेपो तारखेनं चालत, गावं बाजाराच्या वारानं. मुनशीनं तारीख खरी सांगितली, बाजार वरून जोडला आणि ऐकणाऱ्यांनी बाजार तेवढा धरून ठेवला. दोन्ही शेजारी ठेवून कुणी पाहिलं नव्हतं.

“म्हणजे मले टाकून नाई गेला तो,” बाई म्हणाली. “तो तिथून निंगालाच नाई.”

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण त्यानंतर त्या वर्गात चिठ्ठीचा कागद सरकला की माझ्या मानेवर काटा यायचा. आजही रात्री जाग आली की ते गणित मी मनात करते. दर वेळी बुधवार येतो. ती तारीख मी इथे लिहीत नाही.

देह न सापडलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात. बाईनं मूलला, आपल्या घरी तसं केलं. मला सोबत चल म्हणाली, मी गेले. ज्यानं माणसाला शेवटचं पाहिलं त्याला दिवसांच्या जेवणाला बोलवायचं, ही तिच्या घरची रीत. म्हणून मुनशीला निरोप गेला होता. तो आला. आला नसता तर लोक बोलले असते.

बाई स्वतः भात वाढत होती.

“भाऊ, तुमच्या डेपोच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरते?”

“शनवारी. तुले का माहीत नाई, बाई?”

“अन् तो बाजारालेच गेला होता ना?”

“किती डाव सांगू? हो.”

“त्या तारखेले बुधवार होता, भाऊ.”

मुनशीचा घास हातातच राहिला. “कोण म्हणते?”

तिनं माझ्याकडे बोट केलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी विसाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा माणसाला घाबरले. मग त्यानं घास पत्रावळीवर ठेवला, हात धुतला आणि चालता झाला. चपला दारातच राहिल्या. कुणी हाक मारली नाही, कुणी अडवलंही नाही. पुढे पोलीस पाटलानं चौकशी केली तेव्हा कळलं, मुनशी नदी उतरून तेलंगणात निघून गेला. ठेकेदारानं कानांवर हात ठेवले.

परतीच्या मोटारीत बाई खिडकीशी बसली होती. कपाळ मोकळं होतं. मूल गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, “कुठी ठेवला असन त्याले, हे निंगते काय तुमच्या गणितात?”

“नाही.”

“बरं.”

पुढे जंगल लागलं. चांदा येईपर्यंत ती एकेका झाडाच्या बुंध्याकडे बघत राहिली.