काळ्या-पांढऱ्यामधलं गुलाबी

१२ फेब्रुवारी. हॉलीहॉक या उंच फुलझाडाच्या कळ्यांना पिशव्या चढवायच्या होत्या. कळीच्या टोकाला रंग दिसला की बटर पेपरची पिशवी चढवून देठाशी दोरा बांधायचा, म्हणजे मधमाशी आत शिरत नाही आणि बी शुद्ध राहतं.

माझ्या अंगणात एक ओळ काळ्याची, एक पांढऱ्याची. काळं फूल पिकल्या जांभळासारखं, उन्हाकडे धरलं तरच लाल दिसतं. पांढरं दुपारपर्यंतच पांढरं, नंतर त्यावर एमआयडीसीची काजळी बसते. हे दोनच रंग मला हवेत. वीस वर्षं मी बियाण्याच्या प्लॉटवर भेसळ काढायला जात होते. वेगळं झाड दिसलं की उपटायचं, दुसऱ्यांदा बघायचं नाही.

दिवाळीत काळ्याच्या ओळीत एक रोप फिक्या देठाचं निघालं. मी ते उपटून उकिरड्यावर टाकलं. अक्कांनी ते उचलून भांडी घासायच्या दगडामागे लावलं. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. नवऱ्याने टाकल्यापासून आमच्याच मागच्या खोलीत असतात. या घरात त्यांची स्वतःची एक ट्रंक आहे, बाकी काही नाही.

जानेवारीच्या शेवटी ते रोप त्यांच्या डोक्याच्या वर गेलं आणि गुलाबी फुललं.

"अक्का, हे काढावं लागेल. माशी इथून माझ्या ओळीत जाईल."

"तू पिशव्या बांधती ना? मंग?"

"सगळ्या कळ्यांना कुठे पुरतात?"

"तुझ्याच काळ्या-पांढऱ्याची लेक हाय ही. मी बाहेरून न्हाई आणली."

खरं होतं. आदल्या वर्षी पिशव्या बांधायचा मीच आळस केला होता. पण मी ते कबूल केलं नाही.

"मी उजाडायच्या आत उमललेली फुलं तोडून टाकीन," अक्का म्हणाल्या. "एकबी ठेवणार न्हाई. झाड तेवढं राहू दे."

"फुलं तोडायला झाड लावतं का कुणी?"

"तू तरी कुठं बघती फुलं? पिशव्याच बघत बसती."

मी हो म्हणाले. तेव्हापासून रोज अंधारात दगडापाशी परडी वाजायची. मी उठून पाहीपर्यंत झाडावर नुसत्या कळ्या असायच्या. बोट ठेवायला जागा नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

त्या १२ तारखेला अक्कांना ताप होता. मी पिशव्या घेऊन निघाले तेव्हा त्यांनी खोलीतून हाक मारली.

"आज मला उठवत न्हाई. तेवढी फुलं तोड माझी. झाडाला धक्का लावू नको, बाई."

"बरं," मी म्हणाले.

तीन फुलं उमलली होती. एकात माशी होती, परागात माखलेली. मी तिला झटकलं आणि तिन्ही फुलं तोडली. काम तिथेच संपलं होतं. मग मी दोन्ही हातांनी बुंधा धरला. रोजच्या पाण्याने माती मऊ होती, दोन हिसक्यांत झाड मुळासकट आलं. हात चुकून गेला नाही. अक्का एक दिवस तरी अंथरुणात राहतील, याची मी वाट पाहत होते.

आत जाऊन त्यांना चहा आणि गोळी दिली.

"तोडली का?"

"तोडली."

"किती होती?"

"तीन."

"आज जास्ती आली," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. चेहरा खुशीचा होता. मी कप उचलून बाहेर आले आणि झाड कोयत्याने तोडून शेळीला घातलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा ताप उतरला. पहाटे परडी घेऊन त्या दगडापाशी आल्या. मी माझ्या ओळीतच होते. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परडी दगडावर ठेवली आणि खोलीत जाऊन कडी लावली.

मी पायाने माती लोटून खड्डा बुजवला. परडी रिकामीच होती. तिच्यात पिशव्या आणि दोरा भरला आणि पांढऱ्याच्या ओळीला लागले.