देव कट करा

मानपाड्यात आवडाबाई मढवीच्या तोंडाला लागायला माणसं कचरायची. मंडपात कोणी मोठ्यानं हसलं, तरी ती गाणं थांबवून त्याच्याकडे अशी बघायची की तो पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर सटकायचा. ती धवलारीण होती. आगरी लग्नात धवले गाऊन देवांना बोलावणारी, हळदीपासून सगळे विधी गाण्यावर चालवणारी बाई. सासू रंगूबाईनं तिला हे शिकवलं ते शेतात, भात लावताना, एकेका देवाचं नाव घेत. सगळे एकवीस देव बोलावल्याशिवाय हळदीला हात लावायचा नाही, हा सासूचा नियम.

पुढे शेतं गेली, तिथं इमारती आल्या, मढवींचंही तीन मजली घर झालं. मग नवरा काळुराम एका दुपारी जेवता जेवता गेला. त्यानंतर आवडाबाईनं टीव्हीसमोर बैठक मारली. सकाळी लावलेला टीव्ही झोपेपर्यंत चालू. मालिकेतल्या सुनांना ती शिव्या घालायची आणि घरातली सून रुपाली ते ऐकून घ्यायची.

एकदा रुपालीनं तिचा धवला मोबाईलवर टिपला आणि इंटरनेटवर टाकला. चार दिवसांत तो लाखभर लोकांनी पाहिला.

"आई, लोक विचारतात, ह्या आजी कोण म्हणून!"

आवडाबाई हसली. काळुराम गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मग तिच्या हातात नवा मोबाईल आला. व्हिडिओखाली किती जणांनी बदाम दिले, ते ती चहाच्या आधी बघायला लागली. कमी दिसले की दिवसभर रुपालीवर डाफरायची. हळदीला डीजेवाले तिला माईक देऊ लागले, तिच्या धवल्याखाली ठेका वाजू लागला, पोरं तिच्यासोबत सेल्फी काढू लागली.

निळजे गावात एका हळदीला तिनं देवांची नावं घ्यायला सुरुवात केली, तर डीजेवाला म्हणाला, "आजी, देव कट करा ना. डायरेक्ट हळदीवर या. पब्लिक थांबत नाय."

तिनं देव कट केले.

तिच्यासोबत तीस वर्षं जोडीनं गाणारी शेवंती शेजारीच बसली होती. ती तिथल्या तिथं उठली. "देवांना आवतान नाय, मग कनाला गातंस? त्या मोबाईलसाठी?" असं सगळ्या बायकांसमोर म्हणाली आणि चपला घालून चालती झाली.

आवडाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "जळते ती माझ्यावर," असं ती चार महिने ज्याला त्याला सांगत फिरली. पुढच्या हळदींना तिनं मुद्दाम देव वगळले. पण घरी आली की तिला काहीच गोड लागेना. मोबाईल बघायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. सगळ्यांवर खेकसायची. आपल्याला काय झालंय हेही तिला सांगता येत नव्हतं.

एका सकाळी तांदूळ निवडताना तिला वाटलं, आज देवांची नावं म्हणून बघू. सूर लावला. गावदेवी आली, एकवीरा आली, खंडोबा आला. सहा देव आले आणि सातव्याला जीभ अडली. तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच.

"रुपाली! अगं, त्या व्हिडिओत बघ. देवांची नावं असतील."

रुपालीनं बराच वेळ शोधलं. "आई, कशातच नाहीयेत. सुरुवात आपण कापूनच टाकायचो."

आवडाबाईनं सूप भिरकावलं. घरभर तांदूळ उडाले. रुपाली घाबरून मागे सरली, पण सासूचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती भरउन्हात अनवाणी गावदेवीच्या देवळाकडे निघाली.

देवळात भोंग्यावर रिमिक्स भक्तिगीत लागलं होतं. ओट्यावर चार जण पत्ते कुटत होते. "बंद करा ते! उठा इथनं!" ती कडाडली. एक जण काहीतरी बोलायला गेला, तिचा चेहरा बघून त्यानं पत्ते गोळा केले.

मग ती देवीसमोर बसली आणि भांडायला लागली.

"तू नेलंस ना माझ्या तोंडातनं? पयलं मालकाला नेलंस, आता नावं नेलीस? तीस वर्सं तुला हाका मारल्या, कोनाच्या लग्नात तुला इसरले गो मी?" आणि तिथं ती थबकली. विसरली होती. निळज्याला विसरली होती, त्यानंतर प्रत्येक मंडपात विसरली होती. काळुराम गेला तेव्हा हिच्या दारात येऊन रडायचं सोडून ती टीव्हीसमोर जाऊन बसली होती. इतका राग तिला आयुष्यात कोणाचा आला नव्हता, आणि तो तिचा स्वतःचाच होता. तिनं कपाळ फरशीवर टेकलं. रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी ती शेवंतीच्या दारात उभी राहिली. शेवंती मासळी साफ करत होती. तिनं मान वर केली नाही.

"माझ्याकडं कनाला आलीस? मोबाईलला इचार."

"नाय तिथं. शेवंते, सातवा देव सांग."

"मी सांगनार नाय." कोयता आपटत शेवंती म्हणाली. "उद्या सकाली देवलात ये. तिच्यासमोर बस. अडलीस तर मागनं बोलेन. माझ्यासमोर नाय गायचं, तिच्यासमोर गायचं."

आवडाबाई गेली. रोज जायला लागली. शेवंती मागं भिंतीला टेकून बसायची, अडलं की एक शब्द टाकायची, चुकलं की घालूनपाडून बोलायची. आवडाबाईही उलट बोलायची. दोघी देवळातच कडाकडा भांडायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. तीन आठवड्यांनी एकवीस देव सलग आले. त्या दिवशी आवडाबाई दुपारपर्यंत तिथंच बसून राहिली. गाणं संपलं होतं, ऐकायला कोणी नव्हतं. घरी जायची घाई नव्हती. किती दिवसांनी असं झालं, तिला आठवेना.

आता ती गाते तिथं मोबाईल वर उचलायचे नाहीत आणि देव पूर्ण होईपर्यंत डीजे बंद. पुष्कळ घरांनी तिला बोलावणं सोडलं. मुलगा विकी म्हणाला, "आई, एवढं नाव झालेलं, घालवलंस." तिनं त्यालाही सोडलं नाही. "कोनाचं नाव रे? माझं? काय करू त्याचं?"

मागच्या महिन्यात टिटवाळ्याला एका हळदीत नवरीच्या आईनं येऊन हळूच विचारलं, "आजी, थोडक्यात होईल का?" आवडाबाईनं तिच्याकडे बघितलं, मग शेवंतीकडे. दोघींनी पदर सावरले आणि पहिल्या देवाचं नाव एवढ्या मोठ्यानं घेतलं की बाहेर ठेका जुळवणारी पोरं गप्प झाली.