लिफ्टमध्ये विचारलेला प्रश्न

मी लहान मुलांची डॉक्टर. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या आयांना मी बारा वर्षं झापत आले आहे, त्यामुळे हे लिहिताना माझंच मला कसंतरी होतंय. हसायचं तर हसा... पण शेवटपर्यंत वाचा.

मालाड पश्चिमेचं एक खासगी हॉस्पिटल, मंगळवार, दुपारचे साडेबारा. मी कॅज्युअल्टीत होते. मार्वे रोडवरून सायली नावाची बाई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन रिक्षाने आली. मुलीला अचानक झटका आला होता. ताप नाही, पडली नाही. इंजेक्शन दिल्यावर झटका थांबला.

"काय खाल्लं होतं हिने?"

"काहीच नाही हो डॉक्टर. आज अंगारकी ना, पूजेच्या गडबडीत सकाळपासून नुसतं दूध दिलंय."

तिच्या साडीला पूजेचा वास येत होता. मी मेंदूचाच काही आजार धरून चालले आणि मुलीला चौथ्या मजल्यावर आयसीयूत न्यायला निघाले. लिफ्टमध्ये आम्ही चौघी – स्ट्रेचरवर पोर, तिची आई, मी आणि मंगल सिस्टर.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. दिवा गेला, पंखा गेला.

"वाट लागली," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला. रेंज नव्हती. घंटा वाजेना. दारावर थापा मारून हात लाल झाले. छोट्या ऑक्सिजन सिलिंडरचा काटा खाली सरकत होता... खरं सांगते, मी जाम घाबरले होते. चेहरा तेवढा डॉक्टरचा ठेवला होता.

आणि बटणांच्या वरच्या जाळीतून एका बाईचा आवाज आला. शांत, जरा चिडका.

"मास्क काढ. तोंडाचा वास घेतलास का तिच्या?"

मला वाटलं, इंटरकॉमवर कोणी सीनियर मॅडम आहेत. मी पोरीच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून वाकले. कापूर! साडीचा नव्हे, पोरीच्या तोंडाचा.

"सायली, हिने कापूर खाल्लाय!"

"छे हो! रोज पूजा झाली की देवापुढची खडीसाखर आपल्या हाताने घेते, तेवढंच..." बोलता बोलता ती थांबली. आरतीच्या ताटात भीमसेनी कापराचे खडे होते. दिसायला थेट खडीसाखर.

"मग मघाशी सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच.

"तुम्ही खाल्लं काय ते विचारलंत... प्रसाद कुठे खाण्यात धरतात?"

कापराने पुन्हा झटका येऊ शकतो, म्हणून मी औषध सिरिंजमध्ये भरायला घेतलं. तेवढ्यात जाळीतून पुन्हा तोच आवाज.

"दुसरी कुठाय?"

सायली दचकली. "घरी. जुळ्या आहेत ना ह्या... ती झोपली होती, म्हणून शेजारच्या काकूंना बघायला सांगितलं."

"या वेळी झोपते ती रोज?" मी विचारलं.

"नाही हो... खडीसाखर तर तीही घेते..." म्हणत ती दारावर धावली आणि नखांनी ते उघडायला लागली.

त्या पेटीत कोंडलेल्या आईकडे मला बघवत नव्हतं. सिस्टरांनी आणि मी बोटं घालून दाराची फट रुंद केली. सायली तिथून काकूंचा नंबर ओरडत राहिली, एकेक आकडा. शेवटी वरून कोणीतरी म्हणालं, "ताई, परत बोला!" त्या भल्या माणसाने फोन लावला. काकूंनी जाऊन पाहिलं, तर पोर डोळे फिरवून थरथरत होती.

इकडे हिलाही लिफ्टमध्येच दुसरा झटका आला. औषध हातात तयार होतं, म्हणून निभावलं. लिफ्टमनने वरून चाक फिरवून आम्हाला बाहेर काढलं, आणि थोड्याच वेळात काकू दुसरीला घेऊन पोचल्या. दोघी वाचल्या.

घरी जाताना सायली माझ्या पाया पडायला लागली. "तुम्ही दुसरीची आठवण काढलीत म्हणून..."

"मी नाही गं, इंटरकॉमवरच्या मॅडमनी."

ती गोंधळून शेजारच्या मंगल सिस्टरांकडे वळली. मंगल सिस्टर म्हणाल्या, "कसला इंटरकॉम, डॉक्टर? त्या जाळीमागे नुसता पंखा आहे. तोंडाच्या वासाचं तुम्ही स्वतःशीच पुटपुटलात, आणि दुसरी कुठाय तेही तुम्हीच विचारलंत. आम्ही दोघींनी ऐकलं."

मी खूप डोकं खाजवलं. वास नकळत माझ्या नाकाने टिपला असेल, तेवढं मी मानते. पण दुसरी मुलगी? शेवटी मी त्या दिवशीचा केसपेपर काढून पाहिला. 'भावंडं' या रकान्यात माझ्याच हाताने मारलेली रेघ आहे. आईला न विचारता, घाईत मारलेली. मला ती मुलगी ठाऊकच नव्हती.