पिसांच्या टोपाखाली आमचा ढोल

माझ्या भावानं, शंभूनं, बिरोबाचा ढोल विकला असं वरवंडच्या बाजारात आजबी एखादं तोंड बोलतंय. माझ्या कानावर आलं की मी हातातली पिशवी खाली ठेवतो आन् तिथंच उभा राहून सगळं सांगतो. ज्याला घाई हाय त्यानं मग बोलायचंच न्हाई.

आधी आमचं घराणं समजून घ्या. आमी धनगर. आज्यानं मेंढरं राखली. आमच्या आबांनी, रखमाजींनी, शेती धरली, थोडी मेंढरं ठेवली, पण ढोल काय सोडला न्हाई. माळावरच्या बिरोबाच्या जत्रंत पहिला ढोल आबांचा. गजी नाचणारे हातात रुमाल घेऊन गोल धरत्यात, पण आबांची काठी पडल्याबिगर एकाचाबी पाय उचलत न्हाई. पुढारी आला तरी थांबतोय. असला मान हाय आमचा.

आन् आमच्या घरात एक नेम हाय. ढोल रानात वाजवा, अंगणात वाजवा, पण शेवटचा हात फक्त देवापुढं. म्हंजी खेळ संपताना ठोके हळूहळू उतरवत आणायचे आन् तळहात कातड्यावर दाबून आवाज मिटवायचा. आमाला शिकवताना आबा तिथवर यायचे आन् काठी खाली ठेवायचे. "पुढचं देवाचं हाय," म्हणायचे. पोरगं कितीबी गयावया करू दे.

शंभू माझ्यापेक्षा लहान. शाळा त्याला जमली न्हाई, मला तरी कुठं जमली? पण त्याचे कान! मोटारीचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय सांगायचा. मीच त्याला शिक्रापूरला पोपटरावांकडं लावला. पोपटराव म्हंजी मंडप-स्पीकरवाले, हायवेला त्यांचं दुकान. तिथं कंपनीतली पोरं खोल्या घेऊन राहायची. त्यातल्या एका हिंदीवाल्या फिटरनं आधी गोव्यात काम केल्यालं. त्यानं एक कॅसेट आणली. सत्त्याण्णव साल असंल. ना गाणं, ना बाई, ना बाप्या. नुसतं धडाक धडाक. टेक्नो म्हणायचं त्याला.

पोपटराव म्हणले, "शंभ्या, कुठल्या कंपनीचा प्रेस चालू केलास रं?"

शंभू म्हणला, "मालक, ह्यात आमच्या आबांचा ढोल बसतोय."

"तुझे आबा ऐकतील तर तूच बसशील. खाली."

पण भाऊ कुणाचा? दोन जुने टेप घेतले. टेपच्या मोटारीला मागनं एक बारका स्क्रू असतोय, तो पिळला की कॅसेट जोरात न्हाईतर हळू चालतीय. ह्यानं हातात स्क्रूड्रायव्हर धरून दोन कॅसेटी एका चालीला आणल्या. एकीवर मशीन, दुसरीवर आबांचा ढोल. तो ढोल त्यानं आमच्याच वाड्यावर टेप केला, मेंढरांच्या घंट्यांसकट. आबांना विचारून केला, चोरून न्हाई. आबा म्हणले, "वाजवतो. पण शेवटचा हात मागू नगंस."

आता शेवटच न्हाई म्हणल्यावर गाणं थांबवायचं कसं? शंभूनं थांबवलंच न्हाई. एक सरायच्या आत दुसरं आत घालायचं, दुसऱ्यात तिसरं. वरातीत माणसाला दम खायला जागाच मिळंना. केडगावच्या एका वरातीत नवरदेव घोड्यावरनं उतरून नाचाय लागला, घोडं तेवढं दारापातूर गेलं. सासरा म्हणला, "अहो, ह्याला बंद करा, मुहूर्त टळला!" मग काय! दौंड, शिरूर, सगळीकडनं बोलावणं. "डीजे शंभू" असं पाटीवर मी स्वतः रंगवून घेतलं. ट्रॅक्टर माझा, ट्रॉलीतले बॉक्स मी बांधायचो. माझ्या गाठी खड्ड्यात सुटल्या न्हाईत, कुणालाबी विचारा.

मग आला पुण्याचा तो डीजे. त्याचं नाव घेऊन मी त्याला मोठा करणार न्हाई. शिक्रापूरच्या अंगाला एका फार्महाऊसवर दिवसाची पार्टी व्हती, रेव्ह का काय. बॉक्स पोपटरावांचे, म्हंजी आमी. ह्याच्याकडं त्या गोल फिरणाऱ्या तबकड्या. पण बेस लागला की प्लायवुडचं स्टेज हादरायचं आन् सुई उडायची. ह्याचं तोंड उतरलं. शंभूनं माझी घोंगडी काढली, घडी घालून मशीनखाली सरकवली. सुई गप बसली.

"थँक्स यार! तू पण वाजवतोस? लाव ना काहीतरी."

शंभूनं लावला आबांचा ढोल. देवाशप्पथ सांगतो, ती झिपरी पोरं-पोरी चपला फेकून नाचली. पायाला ढेकळं टोचत्यात ह्याचंबी भान न्हाई. पुण्याचा तो शंभूच्या गळ्यात पडला. "भाऊ, ही कॅसेट मला दे. सगळीकडे तुझं नाव सांगीन."

मी तिथंच म्हणलं, "शंभू, देऊ नगं."

"दादा, कलाकार हाय तो."

"कलाकार हाय म्हणूनच म्हणतोय."

दिली. पुढच्या सालात दौंडला स्टेशनापाशी दुकानात सीडी टांगल्याली. दुकानात ढोल वाजत व्हता, आन् घंट्या आमच्या मेंढरांच्या! मी सीडी हातात घेतली. नाव पुण्याच्याचं. आन् चित्र कुणाचं? डोक्याला पिसांचा टोप, तोंडाला पट्टे, कंबरंला पानं गुंडाळल्याला कुठल्या जंगलातला माणूस! अरे, माझ्या बापाच्या डोक्याला पागोटं असतंय! कपाळाला भंडारा असतोय! पिसं आमी कोंबडीचीबी ठेवत न्हाई घरात! शंभूचं नाव मागं, कडंला, बारक्या अक्षरात, कुठंच न्हाई.

शंभू चिडला न्हाई. मलाच म्हणला, "दादा, ओरडू नगं, लोकं बघत्यात." बघू दे की!

पण खरा घाव पुढं बसला, आन् तो आपल्याच माणसांनी घातला. ती सीडी हायवेच्या धाब्यावर, बिअर बारमधी वाजाय लागली. जत्रंच्या आधी देवळापुढं बैठक बसली. दगडोबा मामा आमच्यातले सगळ्यात जाणते. ते आबांना म्हणले, "रखमाजी, तुझ्या पोरानं देव दारूच्या टेबलावर मांडला. औंदा मानाचा ढोल दुसऱ्याच्या गळ्यात जाईल."

आबा मान खाली घालून बसले. माझा बाप! मी उठलोच व्हतो, मला चौघांनी धरला. शंभू पुढं झाला. "मामा, मान काढा. पण आधी ती सीडी शेवटपातूर ऐका."

"देवळापुढं ते वाजवायचं?"

"तुमीच म्हणताय त्यात देव हाय. मग वाजू द्या की."

वाजवली. म्हातारी माणसं मांडीवर ठेका धराय लागली, न धरून जात्यात कुठं? दगडोबा मामांचाबी हात चालू. ठोके चढले, चढले, आता उतरणार म्हणून मामांनी तळहात उचलून धरला. आन् आवाज नुसता लहान लहान होत गेला, बैलगाडी लांब गेल्यागत. मग काय न्हाई. मामांचा हात तसाच वर.

"अरं, शेवटचा हात कुठंय?"

"तो मी दिलाच न्हाई, मामा. माझ्या कॅसेटवरबी न्हाई. आबांनी वाजवलाच न्हाई, तर मी इकणार कुठनं?"

मामांनी हात मांडीवर ठेवला न्हाई, जमिनीला टेकवला आन् उठले. देवळातनं मानाचा ढोल स्वतः आणून आबांपुढं ठेवला. तोंडानं चुकलो म्हणले न्हाईत. म्हणायला पायजे व्हतं. ते मी अजून इसरलो न्हाई.

जत्रंला आबांनी पहिला ठोका टाकला, खेळ रंगात आणला आन् मधीच ढोल गळ्यातनं काढला. थोरला मी. मान माझा. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी भंडाऱ्याची मूठ भरली, शंभूच्या कपाळाला लावली आन् ढोल त्याच्या गळ्यात घातला. इतकी सालं ज्यानं एक गाणं कुठं संपवलं न्हाई, त्यानं त्या दिशी ठोके उतरवत आणले आन् तळहात दाबला. माळावर नुसत्या घंट्या ऐकू आल्या.

त्यानंतर पुण्याच्याचा फोन आला. शंभूचा मोबाईल मीच उचलला. "भाऊ, त्या ट्रॅकला एंडच नाहीये. स्टेजवर अडचण होते. तुमच्याकडे असेल ना?"

"हाय की," मी म्हणलं. "ऐकायला जत्रंला यावं लागंल. चपला काढून. आन् आधी ती पिसं उतरव."