मोठेबाबांच्या घरावरचे पत्रे

मोठेबाबा कुणाकडेही गेले की आधी माणसांकडे नाही, छताकडे बघत. सेक्टर ६ मधल्या आमच्या क्वार्टरमध्ये शिरताना तर त्यांचं तोंडच वाकडं व्हायचं. "ह्या सिमेंटाखाली तुमाले झोप कशी लागते?" हा प्रश्न ते चहाच्या आधी विचारत. वडिलांचे हे थोरले भाऊ. सगळं घराणं स्टील प्लांटच्या नोकरीत शिरलं, हे एकटे दुर्गच्या पलीकडे गावातल्या गवताच्या घरात राहिले.

ते घर त्यांच्या आज्यानं बांधलेलं, प्लांटच्याही आधीचं. मोहाचं आढं, कुडाच्या भिंती आणि दोन हात जाड छप्पर. दर वैशाखात ते जुन्या गवतावरच नवं गवत चढवत. जुनं काढणं त्यांना मान्य नव्हतं. आतून धुरानं काळा झालेला थर दाखवत म्हणत, "हे आज्याचं गवत. त्याच्यावर बापाचं. वरचं माहं." पुढचा थर कुणाचा, हे ते विचारत नसत आणि आम्हीही विषय काढत नसू.

चूल मात्र ऐन उन्हाळ्यातही विझायची नाही. मी गॅस आणून दिला, तर त्यांनी शेगडीवर तांदळाचा डबा ठेवला. "धूर लागला नाही तं गवत सडते," म्हणाले. मी हसलो. म्हातारपणीचं खूळ समजलो.

एका वैशाखात ते शिडीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. त्यांना क्वार्टरवर आणलं. शाकारणी अर्धीच राहिली. मृगाचे दोन पाऊस होऊन गेल्यावर मला त्या घराची काळजी लागली, आणि पोलादाच्या गावात वाढलेल्या माणसाला जे सुचतं तेच सुचलं. खुर्सीपारच्या बाजारातून लोखंडी पत्रे नेले, ओल्या गवतावर तारेनं घट्ट आवळले, दाराला कुलूप लावलं. मोठेबाबांना सांगितलं नाही. बरे झाले की बघून खूश होतील, असं वाटलं.

दिवाळीनंतर त्यांना घेऊन गेलो. कुलूप काढलं तर आत कुजका वास. आढं मधोमध मोडलेलं, तिन्ही थरांचा लगदा होऊन चुलीवर पडलेला. मोठेबाबांनी त्यातलं मूठभर उचलून पिळलं. पाणी निघालं.

"चूल कोन पेटवत होतं?"

"कोणीच नाही, मोठेबाबा."

त्यांनी हात धोतराला पुसला. मग म्हणाले, "चाल, क्वार्टरवर जाऊ."

तीन पिढ्यांचं घर मी एका पावसाळ्यात संपवलं होतं. ते मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पोरगा मायाळू आहे. मी पडलो तं माह्या घराची यालेच फिकर. आपल्या हातानं पत्रे टाकले." पुढचं सांगत नसत. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच मला सहन होत नसे. मी चहाच्या निमित्तानं आत जाई.

माघात ते गेले. तेरवीला नागपूरकडचे पाहुणे आले. एका म्हाताऱ्यानं माझा हात हातात घेतला.

"पत्रे टाकले, लय चांगलं केलं तू. मानूस गेला, पन त्याचं घर तं वाचलं."

मी हो म्हणालो.