विचारली की खोली धरली

शनिवारी सकाळी अकराला वनिताताईंचा फोन आला. "निलेश, मोबाईलवर सगली घरं फुल दाखवतंय. हितं एक मानूस आला न्हाय."

वनिताताई काशीदला होमस्टे चालवतात. त्यांची दोन धरून गावातल्या नऊ घरांचं बुकिंग एका AI एजंटवर टाकायचं काम त्यांनीच मला दिलं होतं. बाकीचे घरवाले तयार नव्हते. "नुकसान झालं तर मला बोला," असं सांगून ताईंनी त्यांना राजी केलं होतं. आणि सुट्टीच्या पहिल्याच वीकेंडला हे असं. मी चौलला घरी बसून काम करतो. चहा तसाच ठेवून लॅपटॉप उघडला.

एजंट नुसत्या गप्पा मारत नाही, कामंही करतो. त्यासाठी आम्ही त्याला टूल देतो. टूल म्हणजे एकेका कामाचा छोटा प्रोग्रॅम, आणि त्यावर दोन ओळींचं वर्णन. हे टूल काय करतं, कधी वापरायचं, एवढंच त्यात लिहायचं. आतला कोड एजंटला दिसत नाही, त्याच्यासाठी वर्णन हेच सगळं. मला कोड लिहायला आठवडा लागला होता. वर्णनं मी जेवण वाढेपर्यंत उरकली होती.

लॉग पाहिला. लॉग म्हणजे एजंटने काय काय केलं त्याची नोंद. सकाळी पुण्याच्या एका कुटुंबाने विचारलं, चार जणांना समुद्राजवळ खोली हवी. एजंटने तुलना करायला नऊच्या नऊ घरांवर "खोलीची चौकशी" हे टूल चालवलं आणि त्यांना छान यादी दिली. त्यांनी उत्तरच दिलं नाही. पण नऊही घरं तीन तासांसाठी अडकली. पुढे जो विचारील त्याला एजंट नम्रपणे सांगत होता, सगळं फुल आहे.

आता यातली मेख सांगतो. इथे कुणी फोन करून खोली विचारली, की ती त्याचीच. त्याचं हो-नाही येईपर्यंत घरवाला ती दुसऱ्याला देत नाही. दिली तर गावात नाव जातं. वनिताताईंनी हा रिवाज पाळायला सांगितला होता आणि मी तो कोडमध्ये इमानदारीत घातलाही होता. वर्णनात मात्र लिहिलं होतं, "खोली आहे का ते विचारते." विचारली म्हणजे धरली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, ते काय लिहायचं?

आधी मी शहाणपणा केला. एजंटला सूचना दिली, "विनाकारण चौकशी करू नकोस." काही फरक पडला नाही. तीन तास संपताच पुढच्या गिऱ्हाइकासाठी त्याने पुन्हा नऊही घरं अडकवली. त्याच्या दृष्टीने कारण होतंच. गिऱ्हाइकाला सगळी घरं दाखवायची होती. मला त्याचाच राग आला, खरं सांगतो. गाढवपणा माझा आणि खापर त्याच्यावर.

मग ताईंना फोन केला. म्हटलं, नुसतं बघण्यासाठी वेगळं टूल करतो, त्याने खोली अडकणार नाही. त्यांना ते पटेना. विचारून न घेणं बरं दिसत न्हाय, म्हणाल्या. मी समजावलं, यात कुणी कुणाला विचारत नाही, फळ्यावर लिहिलेलं वाचण्यासारखं आहे. तेव्हा कुठे हो म्हणाल्या.

'खोली पाहणे' हे नवं छोटं टूल केलं. जुन्या टूलचं नाव बदलून "खोली धरणे" केलं आणि वर्णन नव्याने लिहिलं: "ही खोली तीन तास या गिऱ्हाइकासाठी धरली जाते. तोवर ती दुसऱ्या कुणालाही मिळत नाही. गिऱ्हाइकाने एक घर पक्कं निवडल्यावरच वापरावे. नुसतं बघायचं असेल तर 'खोली पाहणे' वापरावे. गिऱ्हाईक नको म्हणालं तर लगेच सोडावी." जुन्या टूलच्या कोडची एक ओळही बदलली नाही. अडकलेल्या खोल्या हाताने सोडल्या. दुपारी दीडला बुकिंग सुरू झालं.

तेव्हापासून कानाला खडा लावलाय. वर्णन लिहिलं की आधी बायकोला वाचायला देतो. ती माणगावची, काशीदचा रिवाज तिला माहीत नाही. ती जिथे "म्हणजे काय?" विचारते, तिथे मी एक ओळ वाढवतो. जे सगळ्यांना ठाऊक आहे असं आपण धरून चालतो, ते आधी लिहायचं. बाकीचं एजंट बघून घेतो.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सात घरं भरली. दोन रिकामी राहिली, ती दोन्ही ताईंची. दुपारनंतर रस्त्यावरून आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांनी आधी दुसऱ्यांच्या दारात नेऊन सोडलं होतं. मी फोनवर माफी मागितली.

"माजी ऱ्हाऊं दे रिकामी," ताई म्हणाल्या. "शब्द त्यांना मी दिलता, तुज्या मशीननं न्हाय."